फॉर्मच्या आधी तक्ता

(शाखा कार्यकर्त्यांच्या संगणक वर्गातील भाषण)



काउंटरवर काय, कार्यालयात काय, आपण रोज संगणकापुढे बसतो. पण दुसऱ्याने आखलेल्या चौकटी भरतो. चौकट आखायची कशी, हे शिकायला आपण इथे जमलो आहोत. हे आपले काम नव्हे असे कोणी म्हणाले, तर त्याला मेघदूतची आठवण करून द्या. टपाल काउंटरवर वर्षानुवर्षे चाललेले ते सॉफ्टवेअर म्हैसूरच्या टपाल प्रशिक्षण केंद्रात, खात्यातल्याच माणसांनी व्हिज्युअल बेसिकमध्ये तयार केले. पुढे मोठी कंत्राटे बाहेरच्या कंपन्यांना गेली. 2025 मध्ये देशभर लागू झालेली एपीटी प्रणाली मात्र पुन्हा म्हैसूरच्याच खात्याच्या केंद्राने बनवली. ज्याने काउंटरची रांग सांभाळली आहे, त्याला कोणती चौकट आधी हवी हे शिकवावे लागत नाही.

व्हिज्युअल बेसिक 1991 मध्ये आले, अ‍ॅक्सेस 1992 मध्ये, डेल्फी 1995 मध्ये. त्याआधी विंडोजमध्ये साधा फॉर्म उमटवायलाही ओळींमागून ओळी लिहाव्या लागत. या साधनांनी ते काम माउसवर आणले. चौकट उचला, फॉर्मवर ठेवा, तक्त्यातल्या कोणत्या रकान्याशी जोडायची ते सांगा. आपण वापरणार ते लिब्रेऑफिस बेस फुकट मिळते, रीत तीच.

पण खरी गोम इथेच आहे. फॉर्म चटकन दिसतो, म्हणून शिकणारा रंगांत आणि बटणांत रमतो. माझे सांगणे असे की आधी कागद घ्या.

शाखेची तक्रारवही पाहा. नाव, हुद्दा, ठिकाण, तक्रार सारे एकाच तक्त्यात कोंबले, तर पाच तक्रारी असलेल्या सभासदाचे नाव पाच वेळा येणार. एकदा कुलकर्णी, एकदा कुळकर्णी. त्याची बदली झाली की पाच ठिकाणी दुरुस्ती, त्यातली एक राहून जाणारच. म्हणून तक्ते दोन करा: एक सभासदांचा, एक तक्रारींचा. दोघांना जोडणारा दुवा सभासद क्रमांक. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या विचारातून आलेली ही रीत आहे. तारखेचा रकानाही तारीख म्हणूनच ठरवा. मजकूर म्हणून ठेवलात तर संगणक 02-11 ला 15-01 च्या आधी बसवील, आणि कोणते पत्र जुने हे कळणार नाही.

एवढे जमले की ‘तीस दिवस उलटले, उत्तर नाही’ अशी यादी एका क्वेरीत निघते. पीएनएम किंवा जेसीएमच्या बैठकीत प्रशासन आपले आकडे घेऊन बसते. आपल्या हाती पत्राची तारीख, विषय आणि कर्मचाऱ्यांची संख्या नसेल, तर त्यांचेच आकडे खरे ठरतात.

काहींच्या जुन्या याद्या फॉक्सप्रोमध्ये आहेत. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती 2004 ची, आणि 2015 मध्ये कंपनीने आधारही काढून घेतला. घाबरू नका, ते डीबीएफ तक्ते लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. फॉर्म मात्र नव्याने करावे लागतील.

आणि एक. सभासदांची माहिती कार्यालयाच्या संगणकावर ठेवू नका.

उद्या येताना शाखेची तक्रारवही आणा. दोन तक्ते कागदावर आखून झाले की मग संगणक चालू करू.