तिसरा महिना सरेपर्यंत सांगायचं नाही?

(चोपडा येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

 

मी याच गावची, पेशाने नर्स. घरात गोड बातमी असली की अम्मी बजावते, "तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगू नका, नजर लागेल." शेजारणीला नका सांगू, हरकत नाही. पण आपण आशाताईलाही सांगत नाही, दवाखान्याची पायरीही चढत नाही.

नागपूर आणि बेळगावकडच्या बायका एका मोठ्या अभ्यासात सामील होत्या. सहा देश, सुमारे १२ हजार स्त्रिया, सगळ्या पहिलटकरणी. निम्म्यांना रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणं शंभरात १३.१ होती, गोळी घेणाऱ्यांत ती ११.६ झाली. म्हणजे हजार बायकांमागे पंधरा कमी. मला हा आकडा लहान वाटत नाही.

आता ऐका, गोळी सुरू कधी केली? सहाव्या ते चौदाव्या आठवड्यात. नेमके तेच आठवडे आपण लपवण्यात घालवतो.

म्हणून उद्या मेडिकलमधून गोळी आणू नका हं. कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांनी ठरवायचं तर बाई त्यांच्यासमोर वेळेत यायला हवी.

माझ्या भाभीची नोंद पाचव्या महिन्यात झाली. सुरुवातीचं बीपी कार्डावर नव्हतंच. आठव्यात डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा सुजलेला. अम्मीने मिरच्या ओवाळल्या. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. ही लक्षणं पुस्तकात वाचलेली होती. घरच्या मोठ्यांपुढे बोलले नाही. रात्री झटके आले. तापी ओलांडून जळगावला नेलं, मॅग्नेशियमचं इंजेक्शन मिळालं. भाभी वाचली. बाळ राहिलं नाही.

तपासणी म्हणजे काही मोठं नसतं. बीपी १४०/९० किंवा जास्त असेल तर धोका. लघवीत प्रथिनं जातात का, ते बघतात. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी, ७ च्या खाली गेलं तर दवाखाना गाठायचाच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात. ती १४० च्या आत हवी. सुरुवातीला ठीक आली तरी ही साखर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा बघायची. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते.

भावांनो, बायकोला मोटारसायकलवर सोडून बाहेर चहा पीत थांबू नका. आत या. कार्डावरचा बीपीचा आकडा स्वतः वाचा.

आणि ज्यांच्या घरी आत्ता बातमी आहे, त्यांनी मला नंतर बाजूला भेटा. मोहल्ल्यात कुणाला कळणार नाही, माझा शब्द.