थकवा अंगावर काढू नका



कापूस वेचायला गेलेली बाई दुपारच्या आतच धुऱ्यावर बसते. दम लागतो, पायात गोळे येतात. घरचे म्हणतात, ‘ऊन लागलं असेल.’ पण हा थकवा रोजचाच झाला, तर मूत्रपिंडांकडे लक्ष द्या.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, दर्यापूरपासून अकोट, तेल्हारा, बाळापूरपर्यंत आपला खारपाणपट्टा पसरलेला आहे. इथल्या भूजलात क्षार जास्त. मूत्रपिंडाच्या आजाराने इथली कित्येक घरं पोळली आहेत. पिण्यासाठी नळयोजनेचं गोडं पाणीच वापरा.

मूत्रपिंडं फक्त रक्त गाळत नाहीत. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक तयार करतात. त्याच्या इशाऱ्यावर हाडांच्या मगजात तांबड्या पेशी घडतात. मूत्रपिंडं थकली की हा इशारा क्षीण होतो, रक्त कमी पडतं आणि माणूस गळून जातो. अशा वेळी नुसता गूळ-शेंगदाणा पुरत नाही. तपासणीनंतर लोह किंवा या संप्रेरकाची इंजेक्शनं डॉक्टर ठरवतात.

हिमोग्लोबिन पुरुषांत 13 च्या आणि बायकांत 12 च्या खाली असेल, तर कारण शोधा. सोबत क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासा. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी ही तपासणी दरवर्षी करावी.

अंग दुखलं म्हणून रोज वेदनाशामक गोळी घेऊ नका. लोणचं, पापड बेतानं खा. आणि घरच्यांनो, थकलेल्या माणसाला आळशी म्हणू नका; त्याला दवाखान्यात न्या.