विडीच्या बंडलावरील जाहिरात



जाहिरात म्हटली की वृत्तपत्राचे पान डोळ्यांसमोर येते. भंडारा जिल्ह्यात मात्र घरोघरी पोहोचलेली जाहिरात म्हणजे विडीच्या बंडलावरील लेबल. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाचीही अडचण होऊ नये, म्हणून त्यावर ठळक चित्र, मोठा अंक किंवा कारखानदाराचे छायाचित्र छापण्याची प्रथा पडली. छायाचित्रातील प्रतिष्ठित गृहस्थ जणू मालाचा जामीनच! माणसावरील विश्वास मालाकडे वळविण्याची ही युक्ती साधी, पण अचूक होती.

या लेबलावर जे नाही, तेही बोलके आहे. भर उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणारी कुटुंबे आणि घरी पान कापून, तंबाखू भरून दोरा बांधणाऱ्या स्त्रिया त्यावर सहसा दिसत नाहीत. मालकाचे नाव मोलाचे आणि वळणारीचे हात बिननावाचे, ही समाजाची समजूतच तेथे छापली गेली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. लेबलाने मानले नाही.

२००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली, तरी वेष्टन सुटले. ३१ मे २००९ पासून त्यावर सचित्र इशारा आला. २०१६ मध्ये तो ८५ टक्के जागेवर पसरला. निरक्षराला चित्राने पटविण्याचा जुनाच मार्ग शासनाने उलट दिशेने वापरला. परंतु पानठेल्यावर सुटी विडी घेणाऱ्याला तो इशारा दिसत नाही. आणि विडी वळणारीच्या सुपात सुटी तंबाखू असते. तिच्यावर ना लेबल, ना इशारा.