‘सेमाना’ : नाव साताचे, मोजणी आठाची



स्पॅनिश भाषेत आठवड्याला ‘सेमाना’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘सेप्तेम’ म्हणजे सात. त्यावरून ‘सेप्तिमाना’ हा शब्द झाला आणि लोकांच्या तोंडी झिजत झिजत त्याची ‘सेमाना’ झाली. इटालियन ‘सेत्तिमाना’त साताचा ध्वनी अजून ऐकू येतो, स्पॅनिशमध्ये तो पुसला गेला आहे.

कदाचित म्हणूनच की काय, सात सांगणारा हा शब्द वापरणारा स्पॅनिश माणूस बोलताना मात्र आठ मोजतो. आठवड्याने भेटू म्हणायचे असले की तो ‘ओचो दियास’, म्हणजे आठ दिवसांनी, असे म्हणतो. दोन आठवड्यांचे तो ‘किन्से दियास’, म्हणजे पंधरा दिवस करतो, चौदा नव्हे. यात हिशेबाची चूक नाही. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत, दोन्ही सोमवार धरून, आठच दिवस भरतात. मराठी माणसाला हे फोडून सांगण्याची गरज नाही. आपल्या ‘आठवड्या’तही आठच बसले आहेत. (पंधरवड्यामागे चांद्रपक्षाच्या पंधरा तिथी आहेत, ती गोष्ट निराळी.) भाषांतरकाराने मात्र सावध असावे. ‘ओचो दियास’चे आठ दिवस करून त्याने तारीख मांडली, तर सोमवारची भेट मंगळवारवर जाते.

ही मोजणी जुनी आहे. रोमन लोकांचा बाजार आपल्या हिशेबाने दर आठव्या दिवशी भरत असे. परंतु दोन्ही टोके धरल्यामुळे त्याचे नाव नऊ या संख्येवरून ‘नुंदिनाय’ असे पडले. पुढे सात वारांचे चक्र रूढ झाले आणि इ. स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने सूर्याचा वार विश्रांतीचा ठरविला. स्पॅनिश वारांत लुनेस, मार्तेस, मिएर्कोलेस, हुएवेस, विएर्नेस असे चंद्र, मंगळ, बुध, गुरू व शुक्र आपल्याच क्रमाने येतात. शनी आणि सूर्य मात्र तेथे उरले नाहीत. ‘साबादो’ हा ज्यूंच्या विश्रांतिदिनाचा वार, तर ‘दोमिंगो’ हा प्रभूचा. शेजारच्या पोर्तुगीज भाषेने तर सगळेच ग्रह टाकून दिले. तेथे सोमवार हा नुसता ‘दुसरा’ वार आहे.

‘सेमाना सांता’ हा ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणाचा पवित्र आठवडा. त्या दिवसांत सेव्हिल शहरातील बंधुमंडळे मूर्तींचे अवजड मंच माणसांच्या मानेवर घेऊन रस्त्यांतून नेतात. झावळ्यांच्या रविवारी निघालेल्या या मिरवणुका पुनरुत्थानाच्या रविवारी संपतात. म्हणजे एका ‘सेमाना’त रविवार दोन!