लोकसहभाग म्हणजे नेमकं काय?

'लोकसहभाग', 'शाश्वत विकास' हे शब्द हल्ली प्रत्येक अहवालात, प्रत्येक भाषणात येतात. अशा शब्दाची कसोटी माझ्या मते एकच: कोणी, कुठे, काय करायचं, हे त्यातून कळतं का? एक उदाहरण घ्या. २०१६ साली गावांमधली जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या तीन तालुक्यांत झाली. त्यांत आपला कोरेगाव होता, आणि पहिला क्रमांक याच तालुक्यातल्या वेळू गावानं मिळवला. तिथं लोकसहभाग म्हणजे हातात कुदळ आणि घमेलं. डोंगरउतारावर एकाच पातळीत सलग समतल चर खणायचे, म्हणजे धावतं पाणी थबकतं आणि जमिनीत मुरतं. पातळी चुकली तर पाणी एका टोकाला साचून बांध फोडतं. म्हणून आधी मोजणी शिकायची.

कुणी म्हणेल, नव्या कल्पनेला नवा शब्द लागतोच. खरं आहे. 'पाणलोट' हा शब्द आज शेतकरी सहज वापरतो, कारण त्याला शिवारातली हद्द दाखवता येते. पण ग्रामसभेत नुसता 'लोकसहभागातून' असा ठराव वाचला गेला, तर उठून विचारावं: किती माणसं, कोणत्या गटात, कधीपासून?