वाळवंटातील बिऱ्हाड

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दुबईतील सुखसोयींविषयी आम्ही बोलावे, अशी कार्यवाहांची सूचना होती. त्या सुखसोयींची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिलेलीच आहेत. तेव्हा त्यांची उजळणी न करता तेथील नित्याच्या बारीकसारीक अडचणींविषयी बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. अडचणी क्षुल्लक आहेत खऱ्या; पण बिऱ्हाड म्हटले की दिवसाचे चोवीस तास गाठ त्यांच्याशीच.

प्रथम पाण्याचेच घ्या. त्या शहराला नदी नाही. नळाला येणारे जवळजवळ सर्व पाणी समुद्राचे, क्षार काढून गोडे केलेले. ते अष्टौप्रहर येते, आणि ज्यांचे बालपण चाळीत पहाटे उठून पाणी भरण्यात गेले त्यांनी त्याबद्दल कुरकुर करणे शोभत नाही. परंतु मे महिना लागला की गच्चीवरील टाक्या तापतात आणि गार पाण्याच्या तोटीतून हात भाजेल असे पाणी येऊ लागते. यावर बिऱ्हाडकरूंनी काढलेली युक्ती ऐकण्यासारखी आहे. गीझरचे बटण उन्हाळाभर बंद ठेवावयाचे. त्यात साठलेले पाणी घरातील यांत्रिक गारव्याने निवते. मग लाल खुणेची तोटी सोडली की गार पाणी, आणि निळ्या खुणेची सोडली की कढत! देशातून पाहुणे आले म्हणजे ही उलटी रीत त्यांना पहिल्याच दिवशी समजावून द्यावी लागते. एरवी स्नानगृहातून आरोळी ठरलेली.

पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि समुद्र जवळ असल्याने हवा दमट. दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते व क्षणभर काही दिसेनासे होते; कचेरीत मात्र शाल पांघरून बसावे लागते. पाऊस वर्षातून काही दिवस, तोही शिंतोडे. १६ एप्रिल २०२४ रोजी मात्र तो असा कोसळला की मोटारी रस्त्यावरच बुडाल्या. त्या दिवशी आम्हा मुंबईकरांचा सल्ला सर्वांनी मोठ्या आदराने घेतला.

एवढे ऊन असून पापड वाळवण्याची सोय नाही, हे आमच्या गृहिणींचे मुख्य दुःख. रस्त्यावरून दिसतील असे कपडेसुद्धा गॅलरीत वाळत घालण्यास मनाई. मग पापड-कुरडयांचे नाव कशाला? दिवाळीत आणखी एक पेच येतो. खसखस तेथे बंदी असलेल्या पदार्थांत मोडते आणि ती सामानात सापडली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. सबब आमचे अनारसे बोडके, आणि करंजीच्या सारणात नुसते खोबरे. आपणांपैकी जे कोणी लेकीसाठी फराळाचा डबा पाठविणार असतील त्यांनी आजच्या भाषणातून दुसरे काही नेले नाही तरी चालेल, पण एवढे अवश्य न्यावे.

हे सांगताना एक भान राखले पाहिजे. आमच्या कुरबुरी सावलीतल्या आहेत. ज्यांनी ते शहर उभे केले ते मजूर, त्यांत आपल्या देशाचे पुष्कळ, ऊन अंगावर घेऊन राबतात. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. त्या अडीच तासांच्या आधी आणि नंतरही ऊन असतेच.

आपल्या लोकांचे तेथे येणेजाणे जुने आहे. १९६६ पर्यंत तेथे आपला रुपया चालत असे. आखाती प्रदेशासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ साली वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. तरीही बहुतेकांचे राहणे मुदतीचेच. निवासाचा परवाना साधारणतः नोकरीशी बांधलेला. नोकरी सुटली की दिवस मोजावयाचे. अविवाहित मुलगा बापाच्या परवान्यावर २५ वर्षांचा होईपर्यंत राहू शकतो, तोही नियम २०२२ चा. पूर्वी मर्यादा याहून कमी होती. म्हणून चांगले कपाट घेताना हात आखडतो. कुंडीत तुळस लावली जाते, परंतु निघताना ती कोणाला द्यावयाची हेही ठरलेले असते.

वृद्ध आईवडिलांना जवळ आणावे, तर त्यांचा परवाना वर्षावर्षाचा आणि वैद्यकीय विम्याचा हप्ता जबर. शिवाय उंच इमारतीत दिवसभर कोंडून बसणे त्यांना मानवत नाही. ती मंडळी येथेच राहतात. व्हॉट्सॲपवर लेखी निरोप जातो. पण त्यावरून बोलणे व तोंड पाहणे कित्येक वर्षे आम्हांस साधले नाही, कारण ती सोय तेथे रोखलेली. परवानगीप्राप्त निराळी साधने आहेत. ती सत्तरी उलटलेल्या माउलीला दूरध्वनीवरून शिकविणे किती कठीण, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. "शेजारणीचा मुलगा अमेरिकेतून रोज दिसतो, तू एवढ्या जवळ असून का दिसत नाहीस?" हा प्रश्न आमच्यापैकी अनेकांनी ऐकलेला आहे. अंतर विमानाने तीन तासांचे, घड्याळात फरक दीड तासाचा. तरी रात्री दोन वाजता येथून फोन वाजला, की रजा, तिकीट आणि पहाटेचे विमान यांत जो वेळ जातो तो जातोच.

ही मोठी गोष्ट आम्ही एकमेकांत बोलत नाही. गीझर आणि खसखस यांविषयीच बोलतो. आज ती बोललो, कारण संस्थेपाशी आमची एक मागणी आहे. परदेशी असलेल्या सभासदांच्या आईवडिलांची एक नोंदवही संस्थेने ठेवावी. प्रत्येक विभागातील दोन तरुणांनी महिन्यातून एकदा त्या घरी जाऊन यावे, आणि अडीअडचणीला रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत करावी. खर्च आम्ही बाहेरची मंडळी उचलू. पैशाची अडचण नाही, माणसाची आहे. नोंदवहीचा नमुना आम्ही कार्यवाहांकडे दिला आहे. त्यात नाव, पत्ता, औषधे, डॉक्टर आणि शेजाऱ्याचा दूरध्वनी असे पाच रकाने आहेत. आठ कुटुंबांनी आपली नावे आधीच घातली आहेत. उरलेल्यांनी भोजनापूर्वी ती घालावीत, अशी विनंती आहे.