खाडी, कांदळवन आणि आपण बाया

(मालवण तालुक्यातील महिलांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



समुद्र म्हटलं की डोळ्यांपुढे होडी येते आणि होडीत पुरुष. सरकारी कागदावरचा ‘मच्छीमार’ही बहुधा तोच. पण मासळी काही होडीत जन्मत नाही. ती कुठे वाढते हे पाहत गेलं, की आपण पोहोचतो खाडीच्या चिखलात आणि ओहोटीच्या खडकांवर. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जिथे बाया वाकून काम करत आल्या, तिथेच. आज मला एवढंच मांडायचं आहे.

कोळंबीचंच घ्या. अंडी ती बाहेर समुद्रात घालते. पिल्लं इतकी बारीक की धड दिसतही नाहीत. भरतीबरोबर ती कालावल, आचरा, कर्लीच्या खाड्यांत शिरतात. कांदळ, तिवर, चिपी यांच्या मुळांच्या जाळीत मोठ्या माशाला सहज घुसता येत नाही, म्हणून ती वाचतात. आणि खातात काय? कांदळवनाची पानं चिखलात पडून कुजतात, त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, त्या जिवांवर ही पिल्लं. अंगात बळ आलं की ओहोटीबरोबर परत बाहेर. दूर समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात सापडलेली कोळंबी अशी आपल्या खाडीच्या चिखलावर वाढलेली असते. याच चिखलाला ‘पडीक’ म्हणून भराव टाकतात!

खडकांवरची कालवं आणि शिनाणेही नुसती बसून नसतात. ती पाणी गाळून त्यातला बारीक कण न् कण खातात आणि पाणी स्वच्छ ठेवतात. कोयती घेऊन कालवं काढणाऱ्या बाईला कुठला खडक यंदा रिकामा झाला, हे कुठल्याही पाहणीआधी कळतं. तिला विचारायला मात्र कोणी येत नाही.

पावसाळ्यात नद्या डोंगरातला गाळ आणतात, वारा समुद्र ढवळतो, खालचं सकस पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकाकडे हे जोरात होतं, आपल्याकडे कमी, पण होतं. त्या पाण्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांच्यावर तारली, बांगडा पोसतो. बांगड्याचे अंडी घालायचे दिवसही याच सुमाराचे. म्हणून १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याचा आपला रिवाज तर या बंदीहून जुना आहे.

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा प्रवाळाचा भागही आला. मच्छीमारांनी विरोध केला. तो अडाणीपणाचा होता असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना विश्वासात न घेता रेषा आखली, तर रेषेचं रक्षण कोण करणार? प्रवाळ जपायलाच हवा, पण माणसांना बरोबर घेऊन.

आता पर्ससीनचं. रापण किनाऱ्यावरून ओढतात, वाटे पडतात, आणि पाटीवाल्या बाईला तिथेच वाळूवर मासळी विकत घेता येते. पर्ससीनचं जाळं थवाच्या थवा एकदम वेढतं. माल थेट मोठ्या बंदरात उतरतो, ट्रकने जातो. किनाऱ्यावर थांबलेल्या बाईची पाटी रिकामी. राज्याचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन सप्टेंबर ते डिसेंबरपुरतं मर्यादित झालं, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दंड वाढले. हे सगळं पारंपरिक मच्छीमारांच्या लढ्यांमुळे झालं. मोर्च्यांत बाया होत्या, पुढेही होत्या. पण चर्चेला आत किती गेल्या?

एक अवघड गोष्टही बोलू या. २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरली. तरी तळहाताएवढं पापलेट बाजारात येतं आणि ते विकायला बसलेली बहुतेक वेळा आपलीच बहीण असते. तिच्यावर बोट रोखणं सोपं आहे. लिलावात जे मिळालं ते तिने घेतलं, डोक्यावर कर्ज आहे, घरी चूल आहे. ते पिल्लू विकण्याआधी पकडलं कोणी, कुठल्या आसाच्या जाळ्यात, आणि लिलावात उतरू कसं दिलं? तपासणी तिथे हवी, तिच्या पाटीशी नव्हे.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायांनी २०१७ पासून कांदळवनाची सफर सुरू केली. होडी त्याच वल्हवतात, झाडांची माहिती त्याच सांगतात. झाड उभं राहिलं तर चार पैसे मिळतात, हे त्यांनी गावाला दाखवलं. पण पर्यटन प्रत्येक खाडीत चालणार नाही आणि चालूही नये. होड्यांची गर्दी झाली तर त्याच चिखलाची वाट लागेल.

म्हणून परत गेल्यावर दोन कामं करा. आपल्या मच्छीमार सोसायटीची सभासद यादी मागा आणि त्यात बाया किती ते मोजा. आणि येत्या ग्रामसभेत खाडीत कुठे भराव पडतोय, कुठे कांदळ तुटतंय, हे जागेच्या नावानिशी लिहून द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.